सदतीस डब्यांची दुरुस्ती

गुरुवारी दुपारी अलिबागहून आलेलं पत्र नझीरभाईंनी तीनदा वाचलं, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं आणि रोहिणीच्या टेबलावर ठेवलं.

"रोहिणी, आपल्या पुस्तिकेत डबे किती आहेत?"

"मोजले नाहीत, नझीरभाई."

"त्यांनी मोजलेत. सदतीस."

पत्र जिल्हा संगणक प्रसार मंडळाचं होतं. 'आपण मान्यतेसाठी पाठवलेल्या बेसिक भाषेच्या मराठी माहितीपुस्तिकेत डबा ही घरगुती संज्ञा सदतीस ठिकाणी आढळून आली. त्याऐवजी योग्य ती पारिभाषिक संज्ञा योजून दुरुस्त प्रती तयार ठेवाव्यात. सोमवार, दिनांक २४ मे रोजी निरीक्षक समक्ष पाहणी करतील. दुरुस्ती न आढळल्यास मान्यतेचा विचार होणार नाही.' खाली एक सही होती. ती कोणाची, हे सही करणाऱ्यालाही सांगता आलं नसतं.

१९९३ साली पनवेलमध्ये कॉम्प्युटरच्या खोलीत शिरताना लोक चपला बाहेर काढत. धूळ आत जाऊ नये हे कारण खरं, पण काही जण आत आल्यावर नमस्कारही करत. नझीरभाईंचा क्लास टपाल नाक्याजवळ, एका तांदळाच्या दुकानाच्या माडीवर होता. चार कॉम्प्युटर, त्यांच्यावर नझीरभाईंच्या बायकोने, म्हणजे कुबराभाभींनी, शिवलेले फुलाफुलांचे चार अभ्रे आणि एक एसी. हा एसी माणसांसाठी नाही, हे प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगितलं जाई.

खांदा कॉलनीतून येणारी रोहिणी घरत तिथे बेसिक शिकवायची. बेसिक म्हणजे कॉम्प्युटरला कामं सांगायची भाषा. या भाषेत व्हेरिएबल नावाची एक चीज असते, आणि पहिल्या बॅचची गाडी तिथेच रुतली होती. 'व्हेरिएबल म्हणजे बदलती किंमत' असं रोहिणीने तीन दिवस सांगितलं, विद्यार्थ्यांनी ते तीन दिवस वहीत लिहिलं आणि कोणालाही काही कळलं नाही. चौथ्या दिवशी वैतागून तिने स्वतःचा जेवणाचा डबा टेबलावर आपटला.

"हा डबा. याचं नाव ए. ए मध्ये आता काय आहे? भेंडीची भाजी. भाजी काढली, लाडू ठेवला. आता ए मध्ये काय आहे?"

"लाडू!"

"डबा बदलला?"

"नाही!"

मागच्या बाकावरचा भरत उठून उभा राहिला. हा जासईचा. कंटेनरच्या यार्डात गेटवर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्या कंटेनरचे नंबर लिहायचा. "मॅडम, डबा हाय ह्या पैल्याच दिवशी सांगाचा ना," तो म्हणाला. "तीन दिस आमी उगाच घाबरलो."

त्या डब्यावर रोहिणीने चोवीस पानांची पुस्तिका लिहिली. डब्याला नाव कसं द्यायचं, डब्यात आकडा कसा घालायचा, डबा रिकामा कसा करायचा, सगळं. पातळ स्वस्त कागदावर एकाच बाजूला छापलेले शंभर संच तयार होते, फक्त टाचायचे राहिले होते. नमुन्याचा एक जादा संच अलिबागला गेला आणि तिकडे कोणीतरी डबे मोजत बसलं.

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नव्हती. मान्यता मिळाली तर जूनपासून क्लासला सरकारी शिक्क्याची सर्टिफिकेटं देता येणार होती आणि तशी मागणी करणारे निम्मे विद्यार्थी टिकणार होते. नाही मिळाली तर क्लास बंद आणि नझीरभाई एक जूनला मस्कतला. तिथल्या एका बांधकाम कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपरची जागा तयार होती. निळ्या शिक्क्याचं पत्र येऊन कपाटात पडलं होतं. याआधी अकरा वर्षं ते कुवेतमध्ये होते, तिथे युद्ध पेटल्यावर परत आले. कुबराभाभींच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि त्यांनी नवरा घरात पाहिला तो सगळा जोडून साडेचार वर्षं. त्या कपाट उघडत तेव्हा त्या पत्राकडे न बघता साडी काढत.

रोहिणी नमुन्याचं पान घेऊन तडक काशिरामच्या छापखान्यात गेली.

"पुन्हा छापता येईल का हो, काशिरामकाका?"

"कशाने छापू? जुळवलेले अक्षरांचे खिळे कधीच सोडले." काशिरामने हातातला चिमटा खाली ठेवला. "तुमच्या पुस्तकातले सगळे 'ड' आणि 'ब' आता नेऱ्याच्या लग्नपत्रिकेत बसलेत. पंधरा जूनपर्यंत माझ्याकडे लग्नाशिवाय काही छापून होणार नाही."

"मग काय करू?"

"लग्नाची तारीख बदलते तेव्हा लोक काय करतात? चिठ्ठ्या छापतो मी, ते चिकटवतात. तुमचा शब्द काय तो आणा, एका तासात चिठ्ठ्या देतो."

शब्द काय, हे विचारायचं तर पनवेलमध्ये माणूस एकच होता. महादेव करमरकर सर, निवृत्त मुख्याध्यापक. मराठी शब्द शुद्ध असावा यासाठी त्यांनी आयुष्य वेचलं होतं. नाक्यावरच्या सायकलवाल्याला त्यांनी दुकानाची पाटी शुद्ध मराठीत करायला लावली, तेव्हापासून तिथे पंक्चर काढून मिळतं हे नव्या माणसाला कळत नसे.

रोहिणीने त्यांना डब्याची गोष्ट सांगितली. सरांनी डोळे मिटून ऐकली.

"चलराशी," ते म्हणाले आणि डोळे उघडले. "लिहून घे. आणि मुली, ज्ञानाला डबा म्हणू नये."

चिठ्ठ्या छापून झाल्या. सदतीस गुणिले शंभर, म्हणजे तीन हजार सातशे. काशिरामने त्यांच्याबरोबर नझीरभाईंच्या हातात एक पुडी दिली आणि खळ कशी करायची ते सांगितलं. "मैदा पाण्यात कालवायचा, मंद आचेवर घोटायचा. उतरवताना हा मोरचूद चिमूटभर टाकायचा. तो विसरू नका. मोरचूद नसला की खळीला उंदीर, झुरळं, मुंग्या सगळं लागतं. आमच्या धंद्यात पहिला धडा तोच."

नझीरभाईंनी घरी येऊन मैदा आणि पुडी कुबराभाभींच्या हवाली केली आणि निघता निघता सांगितलं, "ते निळं जपून. जहर आहे."

हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. कुबराभाभींच्या घरात तीन हजार सातशे चिठ्ठ्यांची खळ मावेल असं पातेलं एकच होतं. ईदला ज्यात खीर होई, तेच ते पातेलं. त्यांनी पुडी उघडली, आतले निळे खडे पाहिले आणि पुन्हा बांधून खिडकीबाहेरच्या फळीवर नेऊन ठेवली.

"माझ्या खिरीच्या पातेल्यात जहर? तौबा!" त्या भिंतीला म्हणाल्या. "याच पातेल्यातलं उद्या मेहमान खातील."

आता एक वस्तू वगळली म्हटल्यावर तिच्या जागी काहीतरी घालायला हवं, ही कोणत्याही सुगरणीची समजूत असते. चिकटपणाला बरा म्हणून त्यांनी गुळाचा खडा टाकला. नवऱ्याच्या कामाला बरकत यावी म्हणून आणखी एक टाकला. आणि पळी फिरवता फिरवता चौदा वर्षांच्या सवयीने हात आपोआप मसाल्याच्या डब्याकडे गेला आणि वेलचीचे चार दाणे ठेचून आत पडले.

शुक्रवारी सकाळी क्लासमध्ये कॉम्प्युटर बंद आणि खळ चालू. रोहिणी, नझीरभाई, भरत आणि आणखी सात-आठ विद्यार्थी खाली मांडी घालून बसले. डबा दिसला की त्यावर चिठ्ठी. भरतने दुसऱ्या पानालाच बोट चाटलं.

"मॅडम, खल लय मस्त झालीय."

"भरत, चिकटव. खाऊ नकोस."

"वास खिरीचा येतो ओ."

"भाभींचा हात आहे," रोहिणी म्हणाली आणि तेवढ्यावर तो विषय संपला.

संध्याकाळपर्यंत सगळ्या चिठ्ठ्या लागल्या. पानं वाळली, लोखंडी कपाटात गेली आणि कुलूप लागलं. कुलूप लागण्याआधी रोहिणीने एक पान सहज वाचलं होतं आणि नझीरभाईंपुढे धरलं होतं. 'चलराशीचे झाकण उघडून आत पाहावे. चलराशीत दहा लाडू आहेत. आईने चलराशी घासून पालथी घातली, म्हणजे तिच्यात शून्य लाडू उरले.'

"राहू दे," नझीरभाई म्हणाले. "त्यांना संज्ञा पाहिजे होती. घासून पालथी घातली तरी संज्ञाच आहे ती."

शनिवारी दहा वाजता करमरकर सर काखेत कोश घेऊन जिना चढून आले. चपला बाहेर काढायला लावल्याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केलं आणि खुर्चीत बसले.

"माझ्याकडून एक प्रमाद झाला आहे. चलराशी ही गणितातली. संगणकासाठी कोशात वेगळी संज्ञा आहे. परिवर्तिका."

रोहिणीने कपाट उघडून पानांचा एक गठ्ठा सरांसमोर ठेवला.

"सर, तीन हजार सातशे चिठ्ठ्या लागल्यात," रोहिणी म्हणाली.

"चूक तीन हजार सातशे वेळा केली म्हणून बरोबर होते का? आणि मंडळाच्या निरीक्षकांनी हाच कोश उघडला तर?"

नझीरभाईंच्या डोळ्यांसमोर निळा शिक्का आला. ते तसेच काशिरामकडे गेले. काशिरामने शब्द ऐकून कपाळावर हात मारला. "साहेब, डबा दोन अक्षरांचा होता, परवाचा चार, हा पाच अक्षरांचा. चिठ्ठी रुंद होणार. शेजारचे शब्द झाकले गेले तर मला बोलू नका. आणि यानंतर याहून मोठा शब्द निघाला तर कागदच मोठा घ्या."

चिठ्ठ्या छापून मिळायला दुपार झाली. कुबराभाभींनी नवी खळ केली. मोठी चिठ्ठी म्हणून या वेळी गूळही वाढवला. संध्याकाळपर्यंत चलराशीवर परिवर्तिका बसली, कुठे कुठे शेजारचा 'रिकामा' किंवा 'लाडू' गिळून बसली. दोन थर झाल्याने पानं एकावर एक रचता येईनात, ठेवली की चिकटत. म्हणून खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळ्या बांधल्या आणि सगळी पानं कपड्यांसारखी वाळत घातली. दाराला कुलूप लागलं. रविवारी सगळ्यांनी घरी विश्रांती घेतली. गेल्या तीन दिवसांत ती कोणालाच मिळाली नव्हती.

इथे खालच्या तांदळाच्या दुकानाबद्दल सांगायला हवं. त्या दुकानात उंदीर होते, हे सगळ्या नाक्याला ठाऊक होतं. पण पोटभर तांदूळ सोडून माडीवर येण्याचं त्यांना कारण नव्हतं. त्या आठवड्यात मात्र दुकानदार भाचीच्या लग्नासाठी गोदाम रिकामं करून, कुलूप लावून सहकुटुंब गावी गेला होता. चार दिवस खाली दाणा नव्हता आणि वर गूळ, मैदा आणि वेलची दोरीवर टांगून ठेवली होती.

सोमवारी सकाळी आठला रोहिणीने कुलूप उघडलं.

पानं सुतळ्यांवर जशीच्या तशी होती. फक्त प्रत्येक पानाला भोकं होती. उंदरांनी बाकी कागदाला तोंडही लावलं नव्हतं. जिथे खळ, तिथेच खाल्लं होतं, तेही नीट कडेकडेने. डबा गेला, चलराशी गेली, परिवर्तिका गेली. खिडकीतून येणारं ऊन भोकांतून पलीकडच्या भिंतीवर पडलं होतं आणि भिंतीवर शेकडो ठिपके हलत होते. दिसायला ते सुंदर होतं, पण हे कबूल करण्याच्या मनःस्थितीत रोहिणी नव्हती.

साडेआठपर्यंत सगळे जमले. करमरकर सर पानापानाजवळ जाऊन चष्म्यातून बघत होते.

"एक तरी परिवर्तिका शिल्लक आहे का?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"नाय, सर," भरत म्हणाला. "सगल्या पचल्या."

कुबराभाभी पाहुण्यांसाठी चहाचा थर्मास आणि नानखटाई घेऊन आल्या, त्या दारातच थबकल्या. नझीरभाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"कुबरा, खळीत ते निळं टाकलं होतंस ना?"

कुबराभाभींच्या डोळ्यांत पाणी आलं. "खिरीच्या पातेल्यात जहर कसं टाकू? पुडी फळीवर आहे अजून. मी गूळ टाकला."

"गूळ?"

"आणि थोडी वेलची. तुमच्या कामाला बरकत यावी म्हणून."

चौदा वर्षांत नझीरभाई बायकोवर कधी ओरडले नव्हते आणि आजही ओरडले नाहीत. त्यांनी एका कॉम्प्युटरचा अभ्रा नीट केला आणि हळूच म्हणाले, "मस्कतला आज तार करतो. येतो म्हणून." कुबराभाभींनी थर्मास खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावला. हे सगळं आपल्या हाताने झालं, हे त्यांच्या मनातून जाईना. ज्या माणसाला घरी ठेवण्यासाठी त्या गूळ घालत होत्या, त्यालाच तो गूळ समुद्रापार पाठवत होता.

"अलिबागची एसटी रखडत येते, निरीक्षक साडेदहाशिवाय यायचे नाहीत," रोहिणी म्हणाली. "तोपर्यंत सगळी पानं काढून लपवू. संच टाचायचे आहेत म्हणून सांगू, दोन दिवस मागून घेऊ."

ही युक्ती बरी होती. पण अलिबागची एसटी त्या दिवशी वेळेवर आली. आयुष्यात एकदाच यायची ती त्याच दिवशी आली. पावणेनऊला जिन्यावर पावलं वाजली आणि चपला काढल्याचा आवाज आला.

निरीक्षक सुमती मोकल नावाच्या पन्नाशीच्या बाई होत्या. खांद्याला पर्स, हातात रजिस्टर, घामाने भिजलेला रुमाल. दारात उभ्या राहून त्यांनी सुतळ्यांकडे पाहिलं, मग माणसांकडे पाहिलं.

"पुस्तिका हीच का?"

"हो," नझीरभाई म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती आणि आता शिकायला वेळ नव्हता.

मोकलबाईंनी एक पान सुतळीवरून काढलं, सरळ धरलं, उलटं धरलं. "ही भोकं कसली?"

करमरकर सर खिडकीबाहेर बघू लागले. तेवढ्यात मागून भरतचा आवाज आला.

"मॅडम, तो डबा हाय."

"काय आहे?"

"डबा. आमची मॅडम शिकवते ना, तो." भरत पुढे आला. त्याने बाईंच्या हातातलं पान अलगद घेतलं. "तुमचा एसटीचा तिकीट द्या जरा."

"तिकीट कशाला? ते मला भत्त्याच्या बिलाला लावायचं आहे."

"फाडत नाय ओ, मॅडम."

बाईंनी नाइलाजाने पर्समधून तिकीट काढून दिलं. भरतने ते भोकाच्या मागे धरलं. भोकातून तिकिटावरचा आकडा दिसू लागला.

"आता ह्या डब्यात काय हाय? वाचा."

"चारशे बारा," बाईंनी वाचलं.

"आता आमचा जासईचा तिकीट." त्याने खिशातून स्वतःचं तिकीट काढलं, बाईंचं खाली ओढलं आणि ते सरकवलं. "आता?"

"सदुसष्ट."

"चारशे बारा कुठं गेला?"

"तुझ्या हातात आहे."

"हां. म्हंजे डब्यान नाय. नवा आला, का जुना गेला. दोन एकदम नाय बसत. आनि भोक बदलला का?"

"नाही."

"तोच तर कॉम्प्युटर, मॅडम. बाकीचा मंग सोपा हाय."

मोकलबाईंनी पान परत घेतलं. त्यांनी भोकाच्या मागे रुमाल धरला, मग पेन धरलं, मग बोट धरलं. मग पान डोळ्यांसमोर नेऊन त्या भोकातून करमरकर सरांकडे पाहिलं, तेव्हा सरांनी संकोचून कोटाचं बटण लावलं. बाईंच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की त्या एकदम दहा वर्षांनी लहान दिसल्या.

"हे एवढंच आहे?" त्या म्हणाल्या.

"एवढंच," रोहिणी म्हणाली.

"वर्ष झालं मी क्लास तपासतेय." बाई कोणीही न सांगता खुर्चीवर बसल्या. "अकरा क्लास तपासले. प्रत्येक ठिकाणी वाचून दाखवतात, बदलती किंमत, बदलती राशी, मी मान डोलावते आणि सही करते. विचारायची लाज वाटते हो. आपणच निरीक्षक."

"मग आमचं ते पत्र?" नझीरभाईंनी विचारलं.

"मीच लिहिलं. साहेब म्हणाले, डबा कसा चालेल? मी बसून डबे मोजले. वाचले नाहीत, मोजले." त्यांनी नानखटाईचा तुकडा मोडला. "कल्पना कोणाची ही? शब्दच काढून टाकायचा आणि त्या जागी खरोखरची रिकामी जागा ठेवायची?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुबराभाभी थर्मासच्या मागे लहान लहान होत चालल्या होत्या.

"आमच्या घरची," नझीरभाई म्हणाले.

"तुम्ही?" बाईंनी कुबराभाभींकडे कौतुकाने पाहिलं. "शिक्षण किती झालंय?"

"सातवी," कुबराभाभी पुटपुटल्या. "पण खळ मी मैद्याची केली होती..."

"चहा द्या, भाभी," रोहिणीने घाईघाईने कप पुढे केला.

मोकलबाईंनी रजिस्टर उघडलं आणि लिहीत लिहीत मोठ्याने वाचलं, "पारिभाषिक संज्ञेचा प्रश्न केंद्राने समूळ निकालात काढला आहे. मान्यतेची शिफारस करण्यात येते." त्यांनी सही केली. ही सही वाचता येत होती.

करमरकर सर उठले. "बाई, एक नम्र सूचना. त्या रिक्त जागेलाही काही संज्ञा हवीच ना? मी रिक्तिका सुचवतो."

"सर, छापून आणा," रोहिणी म्हणाली. "चिकटवू. खळ आहेच."

सर बसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक संज्ञा मागे घेतली.

जाताना मोकलबाई दारात पुन्हा थांबल्या. चपला घालता घालता त्या म्हणाल्या, "एक अट आहे. बाकीच्या अकरा क्लासना हीच पुस्तिका द्यायची. छापखानेवाले कोण तुमचे, त्यांना छापायला मंडळाचं पत्र देते, म्हणजे लग्नसराईच्या पत्रिका बाजूला ठेवतील. तीनशे प्रती, शनिवारपर्यंत. भोकं मात्र अशीच हवीत. या कडा बघा किती नाजूक. हाताने केलीत?"

नझीरभाईंनी क्षणभर विचार केला. "हाताने असं म्हणता येणार नाही, मॅडम."

बाई गेल्या. जिन्यावरचा पावलांचा आवाज थांबला. मग नझीरभाई हसायला लागले, इतके की त्यांना चष्मा काढून ठेवावा लागला. कुबराभाभी रडत होत्या आणि हसतही होत्या, आणि भरत उरलेल्या नानखटाया मोजत होता.

काशिरामने बुधवारी नवी पानं छापून दिली, डब्यांसकट. भोकं पाडायचा प्रयत्न सगळ्यांनी केला. कात्रीने पान फाटलं. ब्लेडने करमरकर सरांचं बोट कापलं. काशिरामच्या पंच-यंत्राने गोल गरगरीत भोक पडलं, त्यातून जेमतेम एक आकडा दिसे. गुरुवारी दुपारपर्यंत चार प्रती झाल्या, त्यांतल्या दोन दाखवण्यासारख्या नव्हत्या. अखेर रोहिणीने हात टेकले आणि नझीरभाईंच्या घरी गेली.

"भाभी, पातेलं चढवा."

"मोरचूद?"

"मुळीच नको. गूळ जरा सढळ हाताने घाला. आणि वेलची विसरू नका, त्याशिवाय ते वर येतील असं वाटत नाही."

खालचा दुकानदार अजून गावीच होता. गुरुवारी संध्याकाळी क्लासमध्ये पुन्हा सुतळ्या बांधल्या गेल्या. प्रत्येक डब्यावर बोटभर खळ लावून पानं वाळत घातली. सगळे गेले तरी कुबराभाभी पातेलं खरवडत मागे राहिल्या होत्या. नझीरभाई दाराला कुलूप घालायला आले तेव्हा त्यांनी सहज आत नजर टाकली. शेवटच्या सुतळीच्या टोकाला, चोवीस नंबरच्या पानाशेजारी, निळ्या शिक्क्याचा एक कागद टांगलेला होता.

त्याला खळ बोटभर नव्हती, चांगली पळीभर होती, आणि ती कोपऱ्या-कोपऱ्यापर्यंत नीट पसरलेली होती. नझीरभाईंनी कुबराभाभींकडे पाहिलं. त्या पातेल्यात बघत होत्या.

"कुबरा, याला वेलची पोचली का?"

"दोन दाणे जास्त टाकलेत," कुबराभाभी म्हणाल्या.

नझीरभाईंनी दिवा मालवला आणि दाराला कुलूप लावलं.